माऊसच्या बदल्यात दिलेली हार्ड डिस्क

इथले अनुभव मी दोन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त लोकांना मी मनातल्या मनात थापाडे म्हटलेलं आहे. माझा धंदा रेती, खडी आणि विटांचा. समोरच्यानं सांगितलेला माल गाडीत खरंच आहे की नाही, हे मी नुसतं टायरकडे बघून सांगू शकतो. भूत, भानामती, करणी... यातलं काही मला आजवर कोणी विकू शकलेलं नाही आणि आजही कोणी विकायला येऊ नये. मी फक्त जे घडलं ते लिहितोय. यात माझी काही चूक दिसली, एखादी गोष्ट माझी बघायची राहिलीय असं वाटलं, तर जरूर सांगा. शोधून शोधून मी थकलोय.

पनवेलहून निघालं की पळस्पे फाटा लागतो. फाट्यापासून आत दीडेक किलोमीटरवर आमचं गाव. खाली माझं ऑफिस, वर घर. घरात मी, बायको कुंदा आणि मुलगी प्राजक्ता. आता दोघंच, मुलीचं लग्न झालं. कुंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मी दहावी नापास. टेम्पोवर क्लीनर होतो, तिथून चार डंपरपर्यंत आलो. मधल्या काळात मला कोणी काही फुकट दिलं नाही, म्हणून मीही कोणाला काही फुकट सोडत नाही.

माझी आई धवलारीण होती. घाटावरच्या वाचकांना हा शब्द माहीत नसेल. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी मान असतो धवलारणीला. मांडव घालताना, हळद दळताना, हळद लावताना ती धवले गाते, आणि ती गायल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. ही गाणी कुठे लिहिलेली नसतात. एकीनं ऐकायची आणि पुढे गायची. आईला पंचक्रोशीत हिरूबाय म्हणायचे. कर्नाळ्याच्या पायथ्यापासून खाली खाडीपर्यंत कुठेही लग्न असलं की तिला बोलावणं यायचं.

आणि ही बाई स्वतःच्या मुलाच्या लग्नात गायली नाही.

सत्तावीस वर्षं झाली. माझ्या हळदीच्या दिवशी शेजारच्या गावात आणखी एक हळद होती आणि आईनं त्यांना आधी शब्द दिला होता. मी तिच्यापुढे हात जोडले होते. ती म्हणाली, "मी बोल दिलाय. ती पोर बिनआयची हाय रं. तिला कोन गानार?"

"आणि मला आई असून कोण गाणार?" मी विचारलं.

"तुला काय, सगला गाव हाय," असं म्हणून तिनं लुगडं बदललं आणि ती गेली. माझ्या हळदीला दुसऱ्याच बाईला उभं केलं. तिला अर्ध्यात गाणं आठवेना. लोक तोंड लपवून हसले. ते हसणं मी विसरलेलो नाही.

आई शेवटपर्यंत माझ्याच घरात राहिली. औषधपाण्याला मी काही कमी केलं नाही. पण ती गायला लागली की मी उठून जायचो. दरवेळी. गाडीची चावी घ्यायची आणि खाली उतरायचं. बोलून दाखवत नव्हतो, पण तिला समजत होतं, आणि तिला समजावं हाच माझा हेतू होता.

ती जायच्या दोन वर्षं आधी कुंदानं तिचे धवले रेकॉर्ड केले. आई स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा सोलत बसायची, कुंदा समोर मोबाईल ठेवायची. अशा अकरा फाईली झाल्या. "नातीच्या हळदीला मी आसंन नसंन," असं आईच म्हणाली होती. कुंदानं त्या फाईली आपल्या लॅपटॉपवर टाकल्या. पुढे तो मोबाईल पाण्यात पडून मेला. लॅपटॉपवर आहेत म्हणून आम्ही सगळे निवांत. दुसरीकडे कुठे कॉपी करून ठेवावं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आई गेल्यावर कुंदा त्या फाईली अधूनमधून लावायची. मी गॅलरीत असलो तरी आवाज कानावर पडायचा. पडायचा, हे लक्षात ठेवा. मी उठून जायचो, पण आवाज यायचा.

गेल्या वर्षी प्राजक्ताचं लग्न ठरलं. त्याच सुमाराला, गणपतीनंतर, लॅपटॉपनं मान टाकली. म्हणजे चालू व्हायचा, पण बटण दाबून चहा टाकायचा, चहा पिऊन कप धुवायचा, तरी पडद्यावर तो गोल फिरतच असायचा. आतून किरकिर आवाज. कुंदा म्हणाली, नवीन घेऊ. मी म्हटलं, आधी दाखवून तर येतो.

जुन्या पनवेलात एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत इरफानचं दुकान आहे. ऑफिसचा प्रिंटर मी त्याच्याकडूनच घेतला होता. त्यानं लॅपटॉप उघडून बघितला.

"शेठ, मशीन चांगली आहे. आतली हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची आहे, चकती फिरणारी. ती काढून एसएसडी टाका. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. दहा सेकंदांत चालू होईल."

"आणि आतलं सगळं?"

"जसंच्या तसं. क्लोन करून देतो. एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाही."

भावावरून आमचं अर्धा तास चाललं. तो जिथे थांबला तिथून मी आणखी खाली आणला. आता माझी एक पद्धत आहे. भाव तुटल्यावरही वर काहीतरी मागायचं. त्यानं समोरच्याला कळतं की कोणाशी गाठ आहे. संध्याकाळी लॅपटॉप न्यायला गेलो तेव्हा विचारलं, "वर काय देतोस?"

"शेठ, एसएसडी आहे, मेथीची जुडी नाही. वर काय देऊ?"

"तो माऊस दे. बिनवायरचा."

"नाही परवडत शेठ. आधीच तुम्ही मला उभा सोललाय."

काउंटरवर माझी जुनी डिस्क पडली होती. पत्त्यांच्या कॅटाएवढी, काळी-चंदेरी. मी ती त्याच्याकडे सरकवली. "ही ठेव तुला. माऊस दे."

तो जरा थांबला. इतकं मी प्रामाणिकपणे सांगतो, तो थांबला होता. म्हणाला, "ही निदान महिनाभर घरात ठेवा शेठ. नव्याला काही झालं तर ही असते. आणि मॅडमना एकदा विचारा तरी."

"सगळं नव्यात आलं ना?"

"आलं. मी चेक केलंय."

"मग मॅडमना काय विचारायचं? रिकामं डबडं आहे ते. माऊस टाक पिशवीत."

घरी आलो. लॅपटॉप खरंच दहा सेकंदांत चालू झाला. अजिबात आवाज नाही. कुंदा खूश. मग तिनं विचारलं, "जुनी डिस्क कुठाय?" मी माऊस काढून टेबलावर ठेवला. तिनं माऊसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पोळ्या करायला गेली.

पुढच्या रविवारी सकाळी हळदीला कोणते धवले लावायचे ते निवडायला दोघी मायलेकी बाहेरच्या खोलीत बसल्या. मी पेपर वाचत होतो. कुंदानं फाईल लावली. मी सवयीनं चावी उचलली आणि आवाज सुरू व्हायची वाट बघत बसलो, म्हणजे सुरू झाला की उठायचं.

पंखा ऐकू आला. कुकरची शिट्टी. शेंगा ताटात पडल्याचा टपटप आवाज. रेकॉर्डिंगमधली कुंदा म्हणाली, "हां, आता म्हणा." मग पुन्हा पंखा. कावळा. आणखी एक शिट्टी. मी पेपर खाली केला. प्राजक्ताचे डोळे भरले होते. कुंदा ओठ हलवत होती, कोणाबरोबर तरी गात असल्यासारखी.

"आवाज कुठाय?" मी विचारलं.

"कसला?"

"आईचा."

कुंदा म्हणाली, "हे काय चाललंय मग?"

मला वाटलं, माऊसचा राग काढतेय. मी चिडलो. मायलेकी मिळून माझी टर उडवताय का, म्हणालो. आणखीही बरंच बोललो. प्राजक्तानं आवाज पूर्ण मोठा केला. पंख्याची घरघर इतकी वाढली की खालून माझा माणूस विचारायला आला. तो दारात उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. म्हणाला, "म्हातारीचा गला काय व्हता शेठ..."

त्याला मी आरडाओरडा करून खाली पाठवला.

अकराच्या अकरा फाईली मी लावून बघितल्या. बाकी सगळं जागच्या जागी होतं. खुर्ची सरकल्याची कर्रकन, मध्येच भोंगा वाजवत आलेला पाववाला, कुंदाचे प्रश्न... "पुढं काय आई?", "हा मांडवाच्या खांबाचा ना?" आणि उत्तराच्या जागी काही नाही. शांतता नाही, हे नीट समजून घ्या. आवाज कापला असता तर पंखाही कापला गेला असता. पंखा चालूच होता. फक्त ती नव्हती.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी इरफानच्या शटरसमोर उभा होतो. काय काय बोललो ते लिहीत नाही. गल्ली गोळा झाली होती. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं, फाईल लावली आणि कान देऊन ऐकलं.

"येतोय की आवाज."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस."

तेव्हा त्यानं दुसरा एक प्रोग्रॅम उघडला. त्यात आवाजाचं चित्र दिसतं, आवाज मोठा असेल तिथे रेषा उंच. कुंदा म्हणते "म्हणा", आणि त्यानंतर माझ्या कानाला नुसता पंखा. पण पडद्यावर रेषा डोंगरासारख्या वर चढत होत्या, उतरत होत्या, परत चढत होत्या. इरफाननं माझा हात धरून स्पीकरवर ठेवला. "बघा."

स्पीकर थरथरत होता. तळहाताला कळत होतं की आत कोणीतरी गातंय. कानाला काही नाही.

मी हात काढून घेतला आणि जुनी डिस्क परत मागितली.

ती त्यानं विकली होती. साफ करून, डबीत घालून, बाहेरून लावायची डिस्क म्हणून. सुदैवानं गिऱ्हाईक लक्षात होतं. उलव्यातल्या एका साईटवरचा सुपरवायझर. त्या साईटला रेती माझीच जाते. मी तसाच उलव्याला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं जे मागितलं ते घासाघीस न करता मान्य केलं. त्याला दुप्पट मोठी नवीन डिस्क घेऊन दिली आणि माझी परत आणली. पण मधल्या आठ दिवसांत त्यानं तिच्यावर साईटच्या कॅमेऱ्यांचं शूटिंग भरून ठेवलं होतं. पार काठोकाठ. वाशीला डेटा काढून देणाऱ्याकडे गेलो, त्यानं आठवडाभर ठेवून घेतली. म्हणाला, "यावर दुसरं लिहिलं गेलंय. खालचं आता कोणालाच मिळणार नाही." मिळालं ते इतकंच... सिमेंटच्या गोण्या आणि त्यांच्यावर झोपलेलं एक कुत्रं.

आता तुम्ही म्हणाल, कान तपासा. तपासले. खांदेश्वरच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. माझा रिपोर्ट वयाच्या मानानं उत्तम. मी डॉक्टरांना पेन ड्राईव्ह दिला. त्यांनी फाईल ऐकली. आगरी नाहीत ते, त्यांना गाण्यातलं काही समजत नव्हतं, तरी शेवटपर्यंत ऐकली. मग मला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आईबद्दल तुमच्या मनात काही राग आहे का?"

मी म्हटलं, "आहे. पण मॅडम, राग सत्तावीस वर्षांचा आहे आणि आवाज सप्टेंबरपासून गेलाय. रागामुळे जायचा असता तर तेव्हाच गेला असता."

त्यांनी लिहून घेतलं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप येते.

दुसऱ्या धवलारणींचे धवले मला ऐकू येतात. म्हणून मी आईचं दुसरं काही मिळतंय का ते शोधलं. मावसभावाच्या लग्नाची जुनी सीडी मिळाली. त्यात आई दुसऱ्या एका बाईबरोबर गाताना दिसते. दोघींची तोंडं हलतात. ऐकू एकटीच येते, ती दुसरी. आणि सगळ्यात वाईट सांगू का... मनात आणायला गेलो तर तिचे शब्द येतात, पण नुसते लिहिल्यासारखे. "मी बोल दिलाय." कोणत्या आवाजात म्हणाली होती ते गेलंय.

तरीही माझी खात्री पटत नव्हती. सगळे मिळून बनवतायत, माझ्या स्वभावाला कंटाळून मला धडा शिकवतायत, असंच वाटत होतं. मग मी माल तपासतो तशी तपासणी केली. कुंदाला स्वयंपाकघरात बसवलं, प्राजक्ताला गच्चीवरच्या खोलीत. दोघींना हेडफोन दिले, वही दिली, मोबाईल काढून घेतले. सात नंबरची फाईल. ती मीच तिथल्या तिथे निवडली. अट अशी की ऐकू येईल ते सगळं लिहायचं, किती मिनिटांनी येतं तेही लिहायचं.

"पप्पा, पोलीस चौकीत बसवल्यासारखं वाटतंय," प्राजक्ता म्हणाली.

"बस. लिही."

तोपर्यंत मी स्वतः बाहेर बसून तीच फाईल ऐकली. ती मी आधी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. चार मिनिटं होऊन गेली आणि त्यात दार उघडल्याचा आवाज आला. मग एक माणूस बोलला. "बंद करा ते रडगाणं. मला फोन घ्यायचाय. ज्याच्या हळदीला गायचं तिथं तोंड शिवलं होतं, आता कोणासाठी गळा काढतेस?"

तो मी होतो.

मी असं बोललो होतो हे मला आठवतच नव्हतं. आजही आठवत नाही. पण आवाज माझाच आहे, स्वच्छ, अक्षर न् अक्षर ऐकू येतं. नंतर दार आपटल्याचा आवाज. म्हणजे मी उत्तरासाठी थांबलो नाही. त्यानंतर अडतीस सेकंद पंखा. मग कुंदा आणि पुन्हा, बहुतेक, गाणं.

दोघींच्या वह्या घेऊन मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. धवला ओळीला ओळ जुळत होता. जिथे आई खोकली तिथे दोघींनी कंसात "खोकला" लिहिलं होतं. जिथे तिनं एक ओळ चुकून परत घेतली तिथे दोघींनी ती दोनदा लिहिली होती. असं ठरवून कोणाला लिहिता येत नाही. माझं बोलणंही दोघींनी उतरवलं होतं, खाडाखोड न करता.

त्याच्या खाली दोघींनी जागा कोरी सोडली होती. कुंदानं चार ओळी, प्राजक्तानं पाच. मग पुढचा धवला.

"इथं काय आहे?" मी विचारलं.

प्राजक्ता कुंदाकडे बघायला लागली. कुंदानं वही मिटली.

"इथं आई काहीतरी बोललीये. अडतीस सेकंद बोललीये. काय बोललीये?"

"त्या तुमच्याशी बोलल्यात," कुंदा म्हणाली. "माझ्याशी नाही."

"मला ऐकू येत नाही म्हणून तर विचारतोय."

"मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, आई असं बोलणारच नाही. मग त्यांच्याशी भांडायचं सोडून माझ्याशी भांडत बसाल. सत्तावीस वर्षं बघतेय मी."

"नाही भांडणार."

"आत्ता काय करताय?"

मी प्राजक्ताला विचारलं. ती म्हणाली, "पप्पा, आईला विचारा." मी आवाज चढवला, तेव्हा ती उठून गेली. लग्नाला तीन आठवडे राहिले होते, म्हणून मीही गप्प बसलो.

डिसेंबरात हळद झाली. दारात मांडव, चांगले मोठे स्पीकर. धवले गायला गावातल्या चार बायका होत्या, पण आधी आईचा आवाज लावायचा असं सगळ्यांनी ठरवलं होतं. कुंदानं लॅपटॉप पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं. मी मांडवाच्या खांबापाशी उभा होतो. स्पीकरमधून पंखा आला, शिट्टी आली. सगळा मांडव गप्प झाला. मग म्हाताऱ्या बायका एकेक करून त्या पंख्याबरोबर गायला लागल्या. कोणाची तरी वाट बघत थांबायच्या, मग ओळ उचलायच्या, परत थांबायच्या. त्यांच्या थांबण्यावरून मी अंदाज करत होतो, आता ती गात असेल. पाटावर बसलेली माझी पोर ढसाढसा रडत होती. लोक येऊन माझा दंड दाबत होते. "शेठ, हिरूबायनं मांडव भरला." मी मान हलवत होतो. ज्या हळदीला आई गाणार म्हणून सगळा गाव जमला होता, तिथे न ऐकणारा मी एकटा होतो. कोणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार?

लग्नाला आता बरेच महिने झाले. मी कुंदाला हर प्रकारे विचारून पाहिलंय. गोडीत विचारलं. रागावून विचारलं. दोन वेळा हातही जोडले. चांगलं बोलली की वाईट, एवढं तरी सांग म्हटलं. अर्धं सांग म्हटलं. पहिला शब्द सांग म्हटलं. आयुष्यभर मी लोकांना त्यांच्या भावावरून खाली आणलं, ही बाई एक पैसा खाली यायला तयार नाही. "ऐकू येईल तेव्हा ऐका," इतकंच म्हणते. कधी येईल हे तिलाही माहीत नाही, आणि मला वाटतं, येणार नाही.

इरफान म्हणतो, डेटात काही खोट नाही. डॉक्टर म्हणतात, कानात खोट नाही. मनाच्या डॉक्टर सहा महिन्यांनी परत या म्हणाल्या होत्या, मी गेलो नाही. वाचकांपैकी कोणी या क्षेत्रातलं असेल तर माझा एकच प्रश्न आहे. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर सगळं जात असताना, सगळ्यांसाठी सगळं जातं आणि एकाच माणसासाठी एकच गोष्ट मागे राहते, असं होऊ शकतं का? होऊ शकत नाही, हे मलाही कळतं. तरी विचारतोय.

रोज सकाळी कुंदा शाळेत गेली की मी सात नंबरची फाईल लावतो. ते अडतीस सेकंद आता मला पाठ झालेत. दार आपटतं. पंखा. नवव्या सेकंदाला ताटात एक शेंग पडते. विसाव्याच्या आसपास लांब हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजतो. एकतिसाव्याला शिट्टी. आणि अगदी शेवटी, आईचं बोलणं जिथे संपत असणार तिथे, कुंदाच्या घशातून एक बारीक आवाज येतो. शेकडो वेळा ऐकला असेल मी तो. ती हसतेय की रडतेय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.